आंबलेली टाकी

२८ जुलै

आजपासून तिसरी नोकरी. पहिल्या दोन मी सोडल्या. एक मोबाईलच्या दुकानातली, एक दूध संकलन केंद्रातली. दोन्हीकडे मालकाला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि बाहेर पडलो. कॉलेजही असंच सुटलं. नगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सावेडीत खोली होती, बरं चाललं होतं. माझ्या प्रोजेक्टवर सरांनी त्यांच्या पाहुण्याच्या पोराचं नाव वर घातलं. मी त्यांच्या टेबलावर फाईल आपटली आणि बॅग उचलली. आई म्हणते, "कल्याण, तुझं डोकं न्हाई, सुतळी बॉम्ब हाय." म्हणून ही दैनंदिनी. राग आला की हिच्यावर काढायचा.

नोकरी कचऱ्याची आहे. आमच्या कासारडोहच्या माळावर ओल्या कचऱ्यापासून वीज करायचा प्लांट उभा राहिलाय. पंकजा मॅडम तिथल्या केमिस्ट, बेलापूरच्या. माझ्यापेक्षा वर्षाने मोठ्या असतील. त्यांनी मला प्लांट दाखवला. "ही टाकी म्हणजे पोट समजा. आत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते कचरा खातात आणि गॅस सोडतात. गॅस त्या फुग्यात साठतो, त्यावर जनरेटर चालतो आणि पेठेतले दिवे लागतात. इथले मालक ते जीव. आपण त्यांना जेवायला वाढणारे."

पुढचं मी ऐकलं नाही. मॅडमच्या गालाला पेनाच्या शाईची एक रेघ लागली होती आणि ती त्यांना माहीत नव्हती.

ही नोकरी सोडायची नाही.

३१ जुलै

सकाळी सहादेवची घंटागाडी येते. कचरा सरकत्या पट्ट्यावर पडतो. बायडाबाई आणि मी त्यातून पिशव्या, करवंट्या, चपला वेचून काढतो. आज एक अख्खा लंगोट निघाला. बायडाबाई म्हणाली, "पैलवानाचा हाय, जपून ठिव." बाई साठीच्या पुढची, पण तोंड पट्ट्यापेक्षा जोरात चालतं. मी काचेच्या केबिनकडे बघत होतो तर म्हणते, "इकडं बघ राजा, न्हाईतर बोट जाईल. मग अंगठी कशात घालशील?"

दुपारी मॅडम आमच्यातच डबा खायला बसतात. मला म्हणाल्या, "तुमची भाकरी आणि ठेचा मला द्या, माझ्या पोळ्या तुम्ही घ्या." तीन दिवस हेच चाललंय. खानावळीच्या पोळ्या अगदीच वाईट असणार, दुसरं काय.

रात्री चार ओळी जुळवायला बसलो. मिथेनला यमक मिळेना.

४ ऑगस्ट

अंगद साहेब आले. कंपनीचे इंजिनिअर. पांढरी गाडी, पांढरे बूट. कचऱ्याच्या प्लांटवर पांढरे बूट! उतरले तसा पेढ्यांचा बॉक्स थेट मॅडमच्या हातात. मॅडम "अय्या, खरंच?" म्हणून केवढ्या हसल्या. आठवडाभरात माझ्याशी एवढ्या हसल्या नव्हत्या. मला पेढा पुढे केला. मी म्हटलं, मला गोड चालत नाही. आणि पट्ट्याकडे निघून आलो. कशाचे पेढे ते विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दिसतंय की.

जाताना साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. यंदा पेठेतल्या गणपतीच्या मांडवावर आपली वीज लावायची. गणपती उठायच्या आत गावाला ते दिवे दिसले तर नगरपंचायत करार वाढवेल. नाही दिसले तर प्लांटला कुलूप. "मग काय, मॅडम बेलापूरला परत. घरचे स्थळं घेऊन बसलेलेच आहेत," असं हसत म्हणाले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मॅडमही हसल्या नाहीत.

म्हणजे गॅस वाढवायला पाहिजे. लई वाढवायला पाहिजे.

७ ऑगस्ट

मॅडम राखीसाठी बेलापूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "रोजचं तेवढंच घाला. जास्त शहाणपण नको." हे त्यांनी दरवाजातून मागे वळून सांगितलं. दोनदा मागे वळल्या.

संध्याकाळी आसाराम मामांचा फोन. मामांची लिंबाची बाग आहे. भाव पडलाय, व्यापारी माल उचलेना, झाडाखाली सडा पडून कुजायला लागलाय. "ट्रॉली भरून ठिवलीय. वढ्यात वतून देऊ का काय करू सांग."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "मामा, ओढ्यात कशाला? आमच्याकडं आना."

९ ऑगस्ट

आख्खी ट्रॉली घातली! काल अर्धी, आज अर्धी. क्रशरमधून असा पिवळाधमक रस निघत होता की बघत राहावं. प्लांटला पहिल्यांदाच चांगला वास आला. रस्त्याने जाणारे लोक थांबून वास घेत होते.

बायडाबाई कुरकुरली. "एवढं आंबट? मानसाचं पोट बी धरनार न्हाई."

"टाकी हाय ती, मावशी. मानूस न्हाई."

"बघ बाबा. मॅडमला इचारलं का?"

विचारलं नाही. आल्यावर त्यांना फुगा टम्म दिसला पाहिजे. पेढे काय, कुणीही आणतं.

११ ऑगस्ट

मॅडम आल्या. गेटमधून आत पाऊल टाकताच थांबल्या आणि नाकाने वास घेतला.

"कल्याण, सरबत केलंय का?"

मी सगळं सांगितलं. मामा, ट्रॉली, दोन दिवस एकट्याने केलेली मेहनत. मॅडम खुर्चीवर बसल्या. मग पाणी मागितलं. एवढी मेहनत बघून माणसाला भरून येणारच.

"किती?" त्यांनी विचारलं.

"ट्रॉलीभर. अजून एक सांगून ठेवलीय."

"नको!" एवढ्या जोरात ओरडल्या की बायडाबाईच्या हातातली करवंटी पडली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नको. आता काही दिवस काहीच घालायचं नाही. मी सांगेपर्यंत."

मला त्रास होऊ नये म्हणून असेल. अशी काळजी कोण करतं आजकाल?

१३ ऑगस्ट

गॅस पडला. काल तपासणीच्या बर्नरची ज्योत पिवळी झाली, आज पेटेचना. जनरेटर काल संध्याकाळीच दोनदा खोकला आणि बंद. पेठेत काल अंधार होता. लोक म्हणाले, कचऱ्याची वीज कचऱ्यात गेली. म्हणणाऱ्याची मी गचांडी धरली होती, सहादेवने सोडवलं.

मॅडम रोज सकाळी टाकीतलं पाणी काढून तपासतात. आज आकडा बघून नुसतं "अजून खाली" म्हणाल्या. टाकी आंबलीय म्हणे. चुन्याची पोती मागवलीत.

अंगद साहेबांचा फोन आला तेव्हा मी केबिनमध्ये चुन्याचं पोतं ठेवत होतो. फोन स्पीकरवर होता. साहेब विचारत होते, टाकीत काय घातलं आणि कुणी घातलं. मॅडम म्हणाल्या, "माल वाढवून बघितला, सर. माझा निर्णय होता."

साहेब खूप बोलले. मॅडम "हो सर, हो सर" करत राहिल्या.

माझं डोकं तापलंय. मॅडम कुणाला तरी पाठीशी घालतायत. टाकीत कुणीतरी काहीतरी घातलंय हे नक्की. मी शोधून काढणार.

१६ ऑगस्ट

बायडाबाईचं मत, प्लांटला दृष्ट लागली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण पांढरे बूट आले त्या दिवसापासून बिघडलंय हेही खरं. टाकीच्या शिडीला मीच वर चढून लिंबू-मिरची बांधली. चांगलं टपोरं लिंबू निवडलं.

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, वर बघितलं, आणि तोंडावर ओढणी धरून आत पळाल्या. खांदे हलत होते. रडत असणार. प्लांट बंद पडला तर त्यांना बेलापूरला जावं लागेल, तिथे ती स्थळं. मला शिडीवरच गलबलून आलं.

१९ ऑगस्ट

सापडला! सहादेवच. घंटागाडीत संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली मिळाली. ॲसिड म्हणजे आंबटच की! मी गेटवरच त्याची कॉलर धरली. "मॅडम तुला वाचवायला शिव्या खातायत आणि तू खुशाल गाडी फिरवतोस?"

त्यानेही माझी कॉलर धरली. "मला वाचवायला? आरं ती बाटली रिकामी हाय, भंगारातली! टाकीत लिंबं कुनी घातली? म्या का तू?"

"लिंबांचा काय संबंध?"

सहादेवने माझी कॉलर सोडली. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुला खरंच म्हाईत न्हाई व्हय? बायडामावशे, ह्याला कुनी सांगितलं न्हाई?"

बायडाबाई पदराचं टोक चावत म्हणाली, "मॅडमनं गळ्याची आन घातलीया. म्हनल्या, त्येला कळलं की डोक्यात राख घालून निघून जाईल, कॉलेजातनं गेला तसा."

मग तिनेच मॅडमकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. ट्रॉलीभर लिंबं. सालींच्या तेलाने आतले जीव मेले, रसाने टाकी आंबली. आणि मी त्या टाकीला वर आणखी एक लिंबू बांधलं.

मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता सायकल काढली.

२० ऑगस्ट

सकाळी बॅग भरली. स्टँडवर नगरची गाडी लागली होती. बसलो. कंडक्टर आला, म्हणाला, "कुठं?" मला सांगताच येईना. नगरला जाऊन काय करणार? तिथून तर असाच निघालो होतो. तिथून आणखी पुढे कुठे? कंडक्टर म्हणाला, "आरं बोल की, तिकीट काढायचंय का नुसतं बसायचंय?" मागच्यांनी दात काढले. एरवी मी त्यांच्याशी भांडलो असतो. उतरलो.

प्लांटवर पोचायला दुपार झाली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उशीर झाला आज." आणि माझ्या डब्यातली भाकरी काढून घेतली.

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गाडीत बसला असतात."

"बरंच झालं असतं. नवा माणूस मिळाला असता तुम्हाला."

त्यांनी भाकरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला आतलं कळायला अजून वेळ लागेल."

खरंय. ते आकड्यांचं वर-खाली मला अजून नीट कळत नाही.

टाकी वाचवायची तर ताजं शेण पाहिजे, भरपूर. शेणात ते जीव असतात, आत जाऊन पुन्हा वाढतात. पण डेअरीवाले देईनात, त्यांचे घरचे गोबरगॅस आहेत. एकेका घरून पाटीभर मागत बसलो तर गणपती उठून जातील.

मी म्हटलं, "परवा पोळा आहे."

मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी ते लिहू शकत नाही.

२२ ऑगस्ट

पोळा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे सगळे बैल दुपारी वेशीत आले. झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं, गळ्यात घुंगुरमाळा. हलगी कडाडत होती. आणि या सगळ्याच्या मागून मी, हातात फावडं आणि घमेलं. माझ्यामागे सहादेवची घंटागाडी, "ओला कचरा, सुका कचरा" गात.

आख्खं गाव हसलं. "कल्या, तुझी शिंगं रंगवायची राहिली की रे!" "इंजिनिअर झाला, इंजिनिअर!" माझ्या वर्गातला एक जण मोबाईल धरून उभा होता. कानशिलं तापली. फावड्यावरची मूठ घट्ट झाली. मग माझ्यासमोर एका पांढऱ्या खिलारीने शेपूट वर केलं आणि मी धावलो. रागवायला वेळच नव्हता.

एक म्हातारा म्हणाला, "कशाला पाहिजे रं?" मी म्हटलं, "गनपतीच्या दिव्याला." म्हातारा हसला नाही. बैलाला थोपटून म्हणाला, "मग घरी चल. गोठ्यात कालचं बी हाय." ते ऐकून आणखी चार जणांनी बोलावलं. संध्याकाळपर्यंत घंटागाडी तीनदा भरली. दोन घरी पुरणपोळीही मिळाली, पण हात बघून बायांनी लांबूनच दिली.

प्लांटवर मॅडम बाह्या वर करून शेणपाण्याची स्लरी कालवत होत्या. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "छान दिसताय," म्हणाल्या.

टोमणा मारला. मारू दे. त्यांचा हक्कच आहे.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मांडवावर महावितरणची वीज. आरतीला गेलो नाही. आकडा थोडा वर आलाय, गॅस नाही. मॅडम टाकीला हात लावून उभ्या असतात, आजाऱ्याचा ताप बघावा तशा.

२ सप्टेंबर

पेटली!

सकाळी मॅडमनी बर्नरला काडी लावली. आधी फुर्रर्र, विझली. दुसरी काडी. निळी ज्योत, अगदी स्थिर. बायडाबाईने कानशिलावर बोटं मोडली. सहादेवने घंटागाडीचा भोंगा लावला. मी काय केलं ते आठवत नाही. बायडाबाई सांगते की मी चुन्याच्या पोत्याला मिठी मारली.

मॅडम म्हणाल्या, "आता रोजचं तेवढंच. जास्त शहाणपण नको."

"नाही करणार."

"थोडं चालेल," असंही म्हणाल्या. कशाबद्दल ते कळलं नाही.

५ सप्टेंबर

उद्या विसर्जन. आज शेवटची संधी होती.

संध्याकाळी पेठ गच्च भरलेली. नगरपंचायतीची माणसं पुढे खुर्च्यांवर. अंगद साहेब आले, आणि त्यांच्या गाडीतून त्यांची बायको उतरली, खांद्यावर महिन्याचं बाळ! ते पेढे बाळाचे होते. मला हे आज कळलं. मी साहेबांच्या पांढऱ्या बुटांवरचा चिखल माझ्या रुमालाने पुसला. साहेब घाबरून मागे सरकले.

आरती सुरू व्हायच्या वेळी महावितरणची लाईन बंद केली. सगळीकडे काळोख. फोनवर प्लांटमधल्या सहादेवला सांगितलं, चालू कर. काही झालं नाही. कुणीतरी शीळ मारली. "गेली कचऱ्यात!" पाठीमागे हसण्याची लाट आली. मी आवाजाच्या दिशेने वळलोच होतो, तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. मॅडम होत्या. "थांबा," म्हणाल्या. "जनरेटरला गॅस ओढायला वेळ लागतो. थांबा ना."

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न मारता अंधारात उभा राहिलो.

मग एक दिवा मिचकावला. मग मांडवाची सगळी कमान, मग देवाच्या मागचं चक्र, मग पेठेच्या टोकापर्यंत एकेक खांब. ढोलताशावाल्यांना कुणी सांगायच्या आतच त्यांनी सुरू केलं. पोळ्यातला तो म्हातारा ओरडून सांगत होता, "माझ्या बैलांचा हाय त्यो उजेड!"

नगरपंचायतीने तिथेच जाहीर केलं, करार पुढे चालू. मॅडम कुठे जात नाहीत!

त्यांनी मनगट आरती संपेपर्यंत सोडलं नव्हतं. अंधाराची भीती वाटते बहुतेक. पण दिवे तर लागले होते. असो.

१२ सप्टेंबर

मॅडम म्हणाल्या, त्यांच्या घरचे येणार आहेत.

"प्लांट बघायला?"

"हो. प्लांट समजा."

मी म्हटलं, उद्याच बोलवा, मी सगळं धुऊन ठेवतो. तर म्हणाल्या, पितृपक्षात नको, दसरा होऊ द्या. टाकी बघायला कसला पितृपक्ष? बेलापूरकडचे लोक फार पाळतात वाटतं. माझा कॉलेजचा फॉर्म भरायचंही त्यांनी मनावर घेतलंय. राहिलेली वर्षं नोकरी करून काढता येतील, चौकशी केलीय म्हणाल्या. आणि हो म्हटलं मी. भांडलो नाही.

५ ऑक्टोबर

मॅडमचे वडील, आई आणि एक काका आले. मी पहाटेपासून पट्टा घासला होता. क्रशर, टाकी, फुगा, एकेक समजावून सांगितलं. वडिलांचं लक्षच नव्हतं. मी पीएच सांगतोय आणि ते विचारतात, "शेती किती?" मी गॅस सांगतोय, ते विचारतात, "भावंडं किती? मामा कुठले?" मामा म्हटल्यावर मी लिंबांची सगळी हकीकत सांगून टाकली. काका एवढे हसले की त्यांना बाकड्यावर बसवावं लागलं. वडील म्हणाले, "राग फार येतो म्हणे तुम्हाला?" मी म्हटलं, येतो. पण हल्ली थांबता येतं. ते मॅडमकडे बघून "हूं" म्हणाले. कंपनीत माणसं ठेवताना अशी चौकशी करतात, पण हे तर कंपनीचे नाहीत.

आई जनरेटरकडे पाठ करून माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटलं तोंडाला काही लागलंय. दोनदा पुसलं.

बायडाबाई पट्ट्याआड तोंडात पदर कोंबून बसली होती. "आरं येड्या..." म्हणाली, तर मॅडमनी डोळे मोठे केले. तशी गप्प.

मॅडमनीच सगळ्यांना चहा दिला. निम्मा बशीत सांडला. एरवी परीक्षानळीतला थेंबही सांडत नाहीत.

निघताना वडील मला म्हणाले, "दिवाळीच्या आधी एकदा आईवडिलांना घेऊन बेलापूरला या."

मी हो म्हटलं. घरी आल्यापासून विचार करतोय. बेलापूरला जायला माझी हरकत नाही, पण आईवडिलांना कशाला? त्यांना गॅसमधलं काय कळतं? तिथे तर प्लांटही नाही.

थांब.

थांब, थांब.

आई रानातून आली का बघतो.